दिसायला तीन, असायला दोन

आत्मकथन लिहायला माणसाने निदान साठी तरी गाठावी, असं माझी आई म्हणते, आणि मी तर अजून पस्तिशीलाच टेकलेय. पण ज्या दोन-अडीच वर्षांबद्दल मला लिहायचंय ती आत्ताच मागच्या जन्मातली वाटायला लागलीत, आणि त्यात मी जे केलं ते कागदावर उतरवल्याशिवाय पुढचं काही सुचतच नाहीये. मागची चार प्रकरणं मी मोठ्या शहाणपणाने या गोष्टीला वळसा घालून लिहिली. शाळा झाली, गणपती झाले, मामाचं लग्न झालं. नवऱ्याने सगळं वाचलं आणि विचारलं, "यात सौरभ कुठेय गं?" सौरभ म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा साडेचार वर्षांनी लहान. तो नव्हताच त्यात. तर हे प्रकरण त्याचं.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, तीन पाळ्यांची नोकरी. घरी आले की आधी मोरीत जायचे, कपडे वेगळ्या बादलीत भिजत घालायचे, साबण लावून लावून अंग घासायचे, आणि तरी त्यांच्या अंगाला एक आंबूस वास राहायचाच. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, मावशी आली की मात्र नाकाला पदर लावायची आणि आईला त्याचा भयंकर राग यायचा. आई घरी शिवणकाम करायची. फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, आणि त्याच्या मोटरचा घर्रर्र आवाज सकाळी दहाला सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. मधेमधे कुकरच्या शिट्ट्या, खालच्या मजल्यावर गाण्याच्या क्लासची पेटी, आणि बाबांची रात्रपाळी झालेली असली की आईचं दबक्या आवाजातलं "हळू रे, झोपलेत ते". जेवण म्हणाल तर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी कितीही वेळा झाली तरी आम्ही कंटाळायचो नाही. रविवारी वालाचं बिरडं असायचं. भिजवून मोड काढलेले वाल सोलायला सौरभ आणि मी दोघं परातीला परात लावून बसायचो आणि कोणाचा ढीग मोठा यावरून भांडायचो.

भांडण आलं की बाबांचा नियम यायचा. बाबा राजापूरकडचे, पाच भावांतले चौथे, आणि गावच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला कातळ आला होता. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, पण घरात काहीही वाटायचं म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. नियम असा, की ज्याने कापायचं त्याने शेवटी उचलायचं. फणसपोळी असो, आंब्याची वडी असो, केक असो. मी थोरली म्हणून सुरी माझ्याकडे, आणि मी कंपासपेटीतली पट्टी लावून कापायचे, कारण थोडं जरी इकडेतिकडे झालं तर मोठा तुकडा सौरभ उचलणार हे ठरलेलं. पाव्हणे हसायचे. बाबा मात्र गंभीर चेहऱ्याने बघत उभे राहायचे, आणि दोन्ही तुकडे सारखे दिसले की नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" मिळवायला मी काहीही केलं असतं.

मी ठाण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सौरभ अकरावीला, तेव्हा मामाने तो कॉम्प्युटर आणला. मामा ठाण्यातल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. एक डिझाइनचं ऑफिस बंद झालं, तिथला एक धिप्पाड डबा त्याने टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवला. बाबांनी आणि वॉचमनने तो तीन मजले वर चढवला आणि बाबांची कंबर आठवडाभर धरली. "दोघांत एक," मामा म्हणाला, "आणि भांडलात तर परत घेऊन जाईन." भांडलो नाही तर आम्ही कसले! दोघांनाही खेळायचं होतं. हो, मलाही. मुलगी म्हणजे अभ्यासाला मागत असणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं, पण पाच विरुद्ध पाच अशा त्या बंदुकांच्या खेळाचं वेड मला सौरभच्या आधी लागलेलं, कॉलेजच्या लॅबमध्ये. फ्रिजवर वेळापत्रक लावलं, ते फाडलं, परत लावलं. एकदा मी त्याचा शर्ट फाडला आणि त्याने माझ्या हाताला चावा घेतला, अकरावीतल्या घोड्याने. बाबा म्हणाले, उद्या भंगारवाल्याला बोलावतो.

मग मी ते वाचलं, की एका मशीनच्या पोटात दोन मशीन मांडता येतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. डबा एकच, पण आत दोन वेगवेगळे कॉम्प्युटर चालल्यासारखे चालतात. दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड, दोन माउस, प्रत्येकाला आपापलं ग्राफिक्स कार्ड, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. ऑफिसं हे रोज करतात, आज माझं पोट त्याच्यावरच चालतं, पण तेव्हा घरी बसून दोन खेळणाऱ्यांसाठी हे करणं म्हणजे डोकं फुटायची पाळी. मामाने कुठूनतरी दुसरं कार्ड जुळवून दिलं. मी महिनाभर परदेशातल्या अनोळखी लोकांच्या चर्चा वाचल्या, चार वेळा सगळं पुसून पुन्हा मांडलं, एकदा रडले. आणि एका शनिवारी दुपारी आईच्या कापड बेतायच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन्ही स्क्रीन एकदम उजळले. सौरभने मला चक्क उचलून घेतलं. "ताई, तू वेडी आहेस, वेडी! माझ्या कॉलेजात कोणाला खरं वाटणार नाही!"

बाबांना मी समजावून सांगितलं. "म्हणजे एका घरात दोन चुली," ते म्हणाले. मी म्हटलं, तसंच. मग अर्थातच त्यांनी विचारलं, "वाटणी सारखी केलीस ना?" मी सांगितलं की या मशीनला कामाचे आठ हात आहेत असं समजा, त्यांना कोअर म्हणतात. दोन मशीनच्या स्वतःच्या कामाला ठेवलेत, तीन सौरभला, तीन मला. बाबांनी "हं" केलं. पण इथे एक गोष्ट वेगळी होती आणि ती मला सोडून घरात कोणालाच कळण्यासारखी नव्हती. वडी कापली की दोन्ही तुकडे ताटात सगळ्यांसमोर दिसतात. इथली वाटणी एका फाइलमध्ये लिहिलेली होती, ती फाइल फक्त मला उघडता येत होती, आणि त्यातलं काय कोणाचं हे वाचता येणारी घरात मी एकटीच.

पुढचे काही महिने इतके छान गेले की आत्ता लिहितानासुद्धा तोंडावर हसू येतं. आम्ही एकाच बाजूने खेळायचो. डाव्या खुर्चीत मी, उजव्या खुर्चीत तो, मागे आईचं मशीन घर्रर्र करतंय, आणि सौरभ ओरडतोय, "ताई, जिन्याकडे! जिन्याकडे बघ ना, आंधळी आहेस का?" आई म्हणायची, "ताईला आंधळी म्हणतोस? थांब, कात्रीच आणते." खेळताना तो जिभेचं टोक दातांत धरायचा. आणि तो चांगला होता. म्हणजे मी चांगली होते, आणि तो माझ्यापेक्षा खूप चांगला होता. नुसत्या पावलांच्या आवाजावरून भिंतीपलीकडचा माणूस कुठे आहे हे त्याला कळायचं. सुरुवातीला मला त्याचा अभिमानच वाटायचा, हे खरं सांगते.

मग बाबा बघायला लागले. सकाळपाळी करून आले, आंघोळ झाली, की चहाचा कप घेऊन सौरभच्या खुर्चीच्या मागे उभे. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना, पण "आयला! बघितलंस कसा टिपला?" असं चालायचं. ज्या माणसाने माझं मार्कशीट कधी चष्मा लावून पाहिलं नाही तो माझ्या भावाच्या मागे कप घेऊन अर्धा अर्धा तास उभा! कोणी घरी आलं की, "आमचा सौरभ काय खेळतो म्हणून सांगू," आणि वर, "ते ताईने जोडून दिलंय." जोडून दिलंय! जसा काही नळ जोडून दिला होता मी. त्या वाक्याचा राग मला अजून आहे आणि तो मी मागे घेणार नाही. तो राग बरोबर होता. त्याचं मी जे केलं ते चूक होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना वजा होत नाहीत, हे कळायला मला फार वर्षं लागली.

चौथ्या वर्षाचं प्रोजेक्ट आलं आणि माझ्या बाजूला काम जड पडायला लागलं. म्हटलं, सौरभचा एक कोअर आठवडाभर घेऊ. सांगितलं असतं तर त्याने दिला असता, थोडी कुरकुर करून. पण मला कुरकुर नको होती. म्हणून मी असं केलं, की त्याच्या मशीनला दिसायला तीनच कोअर ठेवले, पण त्या तिघांचं काम खरं तर दोघांवरच टाकलं. एका ओळीतला एक आकडा बदलायचा असतो. त्याने उघडून पाहिलं असतं तरी तीनच दिसले असते. आठवड्याने प्रोजेक्टचं ते काम संपलं. आकडा तसाच राहिला.

दोन कोअरवर खेळ बंद पडत नाही, तेवढं वाईट असतं तर त्याने लगेच बोंब मारली असती. एरवी सगळं सुरळीत चालायचं. पण ऐन धुमश्चक्रीत, धूर झाला, चार माणसं एकदम अंगावर आली, की त्याचं चित्र क्षणभर अडखळायचं. पाव सेकंद, कधी तेवढाही नाही. तेवढ्यात समोरचा गोळी घालून मोकळा. "ताई, मधेच अडकल्यासारखं होतंय." मी म्हटलं, नेट असेल. दोन-चार दिवसांनी पुन्हा म्हणाला, मी पुन्हा म्हटलं, नेट. मग त्याने म्हणायचं सोडून दिलं. तो हरायला लागला आणि गुणांच्या यादीत माझं नाव वर यायला लागलं. आणि एक दिवस सकाळपाळीहून आलेले बाबा चहाचा कप घेऊन आले ते माझ्या खुर्चीच्या मागे येऊन थांबले. "शलूपण काय कमी नाही हां!" असं आईला ओरडून म्हणाले. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्या दिवशी मी ठरवलं असं नाही म्हणता येणार. त्या दिवशी मी फक्त फाइल उघडायची टाळली, आणि मग रोज टाळत गेले.

याच सुमाराला कळव्याच्या एका टीमची नजर सौरभवर पडली. ठाण्याच्या एका गेमिंग कॅफेत स्पर्धा होती, तिथे तो कॅफेच्या मशीनवर खेळला आणि त्याने नुसता धुरळा उडवला. अर्थात, ते मशीन कापलेलं नव्हतं. टीमचा कॅप्टन प्रथमेश म्हणून एक पंचवीस वर्षांचा मुलगा होता, त्याने नंबर घेतला. पाचवा खेळाडू हवा होता. निवड झाली तर त्यांच्याबरोबर बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धांना जायचं. "रोज घरूनच प्रॅक्टिस करायचीय, तर ट्रायलपण घरूनच दे," प्रथमेश म्हणाला. "जिथून खेळणार तिथूनच बघतो तुला." रविवारी चार वाजता, तीन मॅच. सौरभने हे बाबांना सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "घेतलं तर बारावीनंतर एक वर्ष देतो तुला, कोणी काही बोलणार नाही. नाही घेतलं तर केमिकलचा डिप्लोमा, आणि या खेळाचं नाव काढायचं नाही. कबूल?" सौरभ म्हणाला, "कबूल."

तो आठवडा असा गेला. सौरभला वाटायला लागलेलं की आपले हात मंद झालेत. बोटांना व्यायाम म्हणून तो एक रबरी चेंडू दाबत बसायचा. आई दुपारी मशीन बंद करून खोबरेल कोमट करायची आणि त्याची बोटं एकेक करून चोळायची. डोळे तपासायला घेऊन गेली, डॉक्टर म्हणाले काही नाही, तर हिने गाजरं आणली. आणि मी समोर बसून गाजराची कोशिंबीर खात होते. शनिवारी आकडा बदलू, असं मी स्वतःला सांगितलेलं. शनिवारी विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. मी विसरले नव्हते. शनिवारी घरी होते, मशीन समोर होतं, तीन मिनिटांचं काम होतं. मला एवढंच वाटत होतं की निवड झाली की बाबा पुन्हा त्या खुर्चीमागे जातील आणि परत यायचे नाहीत.

रविवारी घरातल्या प्रत्येकाने आपापलं काहीतरी दिलं. बाबांनी पाळी बदलून घेतली. आईने शिवणाचं मशीन लावलं नाही, आणि शिट्टीने त्याचं लक्ष जाईल म्हणून कुकरही लावला नाही, डाळ उघड्या पातेल्यात शिजवत बसली. खालच्या पेटीवाल्या बाईंना जाऊन विनंती करून आली. मी माझी बाजू बंद ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, आज मी खेळत नाही, सगळी ताकद त्याला. ते खोटं होतं. माझी बाजू बंद असली तरी त्याचं काम त्या दोन कोअरवरच बांधलेलं होतं, बाकीचे रिकामे बसून होते.

पहिली मॅच बरी चाललेली. मग शेवटी शेवटी धूर झाला, तिघं अंगावर आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं चित्र अडखळलं. एकदा, दोनदा. हरला. दुसऱ्या मॅचला दहा मिनिटं होती. सौरभने हेडफोन मानेवर ओढले आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"ताई, एकदा मशीन बघ ना प्लीज. मला ना, कायतरी अडकल्यासारखं वाटतंय. एकदा बघ फक्त."

मी खुर्ची ओढली आणि फाइल उघडली. आकडा समोर होता, माझ्याच हातचा. बदलून त्याचं मशीन बंद करून पुन्हा चालू करायला तीन मिनिटं पुरली असती. बाबा माझ्या मागे उभे होते. "काय आहे गं? काय सापडलं?" त्यांनी विचारलं. आता बदललं तर हे काय होतं, कधीपासून होतं, कोणी केलं, हे सांगावं लागणार होतं, आणि बाबांना वाटणीबद्दल काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. मी फाइल बंद केली.

"काही नाही बाबा. मशीन ओके आहे," मी म्हटलं. आणि मग सौरभचा हात हातात घेऊन म्हटलं, "तुझे हात बघ किती गार पडलेत. घाबरलायस तू. श्वास घे लांब."

एवढंच. यापेक्षा मोठं पाप मी आयुष्यात केलेलं नाही. त्याने खरंच लांब श्वास घेतला, माझं ऐकून. उरलेल्या दोन्ही मॅच हरला.

प्रथमेशचा फोन सहा वाजता आला. सौरभने स्पीकरवर टाकला, कारण बाबांनी ऐकावं असं त्याला वाटत होतं. प्रथमेश चांगला मुलगा होता, टाकून बोलला नाही. "भाई, नेम तुझा खतरनाक आहे, खोटं नाही बोलणार. पण मोक्याच्या टायमाला तू फ्रीझ होतोस. तीन वेळा बघितलं मी. प्रेशरचं आहे ते, त्याला कोणी काय करू शकत नाही." सौरभ म्हणाला, "हो दादा. मलापण जाणवतंय ते." फोन ठेवला. बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले. आईने तेव्हा कुकर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी नसताना मी तो आकडा परत बदलला. सौरभ त्या मशीनवर पुन्हा बसला नाही.

त्याने डिप्लोमा केला आणि बाबांच्याच लाइनीत चिकटला. काम चांगलं करतो. पण तो शब्द त्याला चिकटला तो चिकटलाच. गाडी शिकला नाही, म्हणे ऐन वेळी फ्रीझ होईन. माझ्या लग्नात चार शब्द बोल म्हटलं तर मांडवातून पळाला. कोणी काही जबाबदारीचं सुचवलं की हसत हसत सांगायचा, "आपण मोक्याच्या टायमाला गंडतो बाबा, सर्टिफिकेट आहे आपल्याकडे." सगळे हसायचे. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात जायचे. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. तोपर्यंत शंभर वेळा सांगायची संधी आली आणि शंभर वेळा मी मूग गिळून बसले.

या वर्षी त्याचा फोन आला. कंपनीने शिफ्ट इनचार्जचं पद देऊ केलं होतं आणि तो नाही म्हणणार होता. "का रे?" मी विचारलं. "अगं, अलार्म वाजला आणि मी फ्रीझ झालो तर? तिकडे गेममध्ये मरत नाहीत लोक, इथे खरी मरतात." मी फोन ठेवला, ठाण्याहून रिक्षा केली आणि तडक एमआयडीसीत गेले. त्याची दुसरी पाळी होती. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, हेल्मेट काखेत मारलेल्या माणसांच्या गर्दीत उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. दिसायला तीन, असायला दोन. कधीपासून, कशासाठी. फाइल उघडून बंद केली तेसुद्धा.

त्याने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मग म्हणाला, "दोनवर चालू होतं ते?"

"हो."

"दुसऱ्या मॅचला मी सतरा मारलेले, ताई. दोनवर." त्याचा आवाज चिरकला. मला वाटलं हसतोय. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाबा असताना सांगायचं होतंस गं. मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. त्यांना सांगायचं होतंस."

मी माफी मागायला लागले तर त्याने हात वर केला. "ते नंतर बघू. आधी घरी जा आणि आईला सांग. मी साडेअकराला येतो, त्याच्या आत सांगून झालं पाहिजे." भोंगा झाला आणि तो आत गेला. त्याने ते पद घेतलं, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काही गोड होईल म्हणून कोणी थांबायला नको. त्याने घेतलं, आणि माझ्याशी तो हल्ली कामापुरतं बोलतो.

मी घरी गेले. आई पलंगावर बसून साडीला हाताने फॉल लावत होती, आता मोटरचं मशीन तिला झेपत नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. कोअर वगैरे तिला कळलं नसतं, म्हणून म्हटलं, सौरभच्या वाटचं मी काढून घेतलेलं, आणि भरलेलं आहे असं दाखवत होते. ट्रायलच्या दिवशीसुद्धा. तिने सुई साडीत खोचली आणि साडी बाजूला ठेवली. मला वाटलं आता मारेल. मारायला हवं होतं.

"म्हणजे तो घाबरला नव्हता त्या दिवशी?" तिने विचारलं.

"नाही आई."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही. मशीन अडत होतं. मी अडवलेलं."

आई खिडकीकडे बघायला लागली. मग तिने जे सांगितलं ते मला नव्यानेच कळत होतं. दहावीला गणिताचा पेपर हातात आल्यावर ती भीतीने उठून वर्गाबाहेर आली होती आणि परत कधी परीक्षेला बसली नव्हती. बाबांना लग्नाआधीच सांगितलेलं तिने.

"त्या रविवारी रात्री तुझे बाबा मला म्हणाले, पोरगा तुझ्यावर गेला," आई म्हणाली. "मग काही झालं की म्हणायचे. त्याने गाडी शिकायला नको म्हटलं तेव्हा म्हणाले. तुझ्या लग्नात म्हणाले. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले, याचं कसं होणार गं, अगदी तुझ्यावर गेलाय. आणि मी ऐकून घ्यायचे, शलू. मला वाटायचं, खरंच आहे ना ते."